बिचकुंद्याची वाळू

हैदराबादच्या आउटर रिंग रोडवर दुचाकीला बंदी आहे, मग ती लाखाची असो की दहा-बारा लाखांची. त्यामुळे काचीगुड्याहून निघालेल्या माझ्या आफ्रिका ट्विनलाही पटानचेरूपर्यंत शेअर ऑटो आणि सिटी बसच्या मागे मागेच सरकावं लागलं. संगारेड्डीला उजवीकडे वळून १६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग धरला, तेव्हा कुठे गाडीने मोकळा श्वास घेतला. हाच रस्ता पुढे देगलूर, नांदेड करत अकोल्याला जातो. जोगीपेटच्या सुमारास सिंगूर धरण डावीकडे राहतं. तिथे अडवलेलं मांजरेचं पाणी हैदराबाद पितं. मला मात्र त्या नदीची वाळू हवी होती.

मांजरा बीड जिल्ह्यात, पाटोद्याकडच्या बालाघाटाच्या डोंगरात उगवते. लातूर, बीदर करत तेलंगणात येते, संगारेड्डीच्या बाजूला उत्तरेला तोंड फिरवते, निजामसागर ओलांडते आणि कंदकुर्तीला गोदावरीत मिळते. बिचकुंदा-मदनूरच्या पट्ट्यात तिचं पात्र रुंद आणि उथळ आहे. तिथली वाळू ट्रॅक्टर-टिप्पर भरभरून जाते आणि जाता जाता वाटेवर सांडते. नदीकडे उतरणाऱ्या कच्च्या वाटा त्यामुळे वरून नुसत्या धुळीच्या दिसतात, पण खाली घोटाभर वाळू असते.

गाडीविषयी थोडं सांगायला हवं. १९८६ ते १९८९ अशी सलग चार वर्षं पॅरिस-डकार शर्यत होंडाच्या एनएक्सआर ७५०ने जिंकली आणि १९८८मध्ये त्याच धाटणीची पहिली आफ्रिका ट्विन बाजारात आली. माझी त्याच घराण्यातली, पण ९९८ सीसीची, क्लचचा दांडा नसलेली, अडीचशे किलोंच्या घरातली. सहाराचा वारसा सांगणारी गाडी घेऊन मी निघालो होतो बिचकुंद्याला!

फेब्रुवारीचं ऊन अजून सोसवण्यासारखं होतं. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी, हरभरा काढणीला आलेला. डांबर संपलं तिथे थांबून दोन्ही चाकांतली हवा वीस-बावीस पीएसआयवर आणली. हवा उतरली की टायर पसरतो, वजन जास्त जागेवर वाटलं जातं आणि चाक रुतायचं कमी होतं. ट्रॅक्शन कंट्रोल बंद केला. तो चालू असला तर मागचं चाक फिरकलं रे फिरकलं की गाडी स्वतःच ताकद आवरते, आणि वाळूत ताकद गेली की बसलोच म्हणायचं. मागचा एबीएसही बंद केला.

मग फूटपेगवर उभं राहायचं, गुडघे टाकीला टेकवून, कंबर मागे नेऊन. पुढचं चाक लगेच डावी-उजवीकडे हेलकावायला लागतं आणि हात आपोआप हँडल आवळतात. तिथेच सगळा घोळ होतो. हँडल सैल कासऱ्यासारखं धरायचं, नजर चाकापाशी नाही तर पार लांब टाकायची, वळायचं ते पायाने पेग दाबून. भीती म्हणते वेग कमी कर. वाळूला नेमकं उलटं हवं असतं. थ्रॉटल किंचित वाढवला की पुढचं चाक हलकं होतं, वर येतं आणि गाडी सरळ धावू लागते. पुढच्या ब्रेकला हात लावायचाच नाही. हे सगळं अंगात यायला वेळ लागतो, आणि आलं की हसू आवरत नाही.

जाहिरातींमधल्या मोठ्या गाड्या वाळूच्या टेकड्यांवरून उड्या मारतात. खरं सांगायचं तर अशा वाटेवर १९६ किलोंची हिमालयन ४५० जास्त मजा देईल. वजन सरळ धावताना जाणवत नाही. थांबलात की जाणवतं.

समोरून शेळ्या आल्या आणि मी थांबलो. पुन्हा निघताना मागचं चाक आसापर्यंत खाली गेलं. आणखी थ्रॉटल देणं म्हणजे खड्डा खोल करणं. गाडी आडवी केली, चाक बाहेर आलं, खड्डा वाळूने बुजवू लागलो. शेळ्यांमागचे म्हातारबुवा टक लावून बघत होते.

‘‘कुठं निघालाव?’’

‘‘नदीपर्यंत, मामा.’’

त्यांनी बांधावरच्या कापसाच्या पराट्या ओढून आणल्या आणि चाकाच्या वाटेत आडव्या टाकल्या. ‘‘ट्रॅक्टर बसला की आमी हेच करताव.’’ दोघांनी मिळून गाडी उभी केली, आणि पराट्या कडाकडा मोडत ती बाहेर आली.

मामा माझ्याशी मराठीत बोलत होते आणि शेळ्यांना तेलुगूत दटावत होते. त्यात नवल नाही. बिचकुंदा आणि जुक्कल ही मंडळं १९५६पर्यंत हैदराबाद राज्यातल्या नांदेड जिल्ह्याच्या देगलूर तालुक्यात होती. राज्यांची फेररचना झाली, तालुका मुंबई राज्यात गेला, ही मंडळं आंध्र प्रदेशात गेली. कन्नडही इथून फार लांब नाही.

नदीवर पोचलो, हेल्मेटभर घाम पुसला आणि परतीला मदनूर गाठलं, कारण कमी हवेच्या टायरवर महामार्गावर पळणं बरं नाही. पंक्चरवाल्या पोराने गाडीभोवती एक फेरी मारली.

‘‘किती देती?’’

‘‘वीसेक.’’

‘‘घेतली कितीला?’’

मोठ्या गाडीवाले सांगतात तसा मीही दोन-तीन लाख कमीच आकडा सांगितला.

‘‘तेवढ्यात ट्रॅक्टर आलं असतं की, ट्रॉलीसकट,’’ तो म्हणाला, आणि हवेचे पैसे त्याने ट्रॅक्टरच्या दराने घेतले.