शेजारचा रंग

रेषा, आकार, पोत, अवकाश आणि रंग हीं चित्रकलेचीं मूलतत्त्वें होत. यांपैकीं पहिल्या चारांविषयीं बोलतांना सामान्य माणूस थोडा बिचकतो. रंगाविषयीं मात्र जो तो निर्भयपणें निकाल देतो. वस्तुतः या पांचांत सर्वांत फसवा कोण असेल, तर तो रंगच.

पॅरिसमध्यें गोबेलँ ही भिंतीवरील चित्रवस्त्रें विणणारी प्रख्यात शाळा आहे. तेथें १८२४ सालीं शेव्हरल हे रसायनशास्त्रज्ञ रंगाईचे प्रमुख झाले. त्यांच्याकडे तक्रार आली कीं, निळ्या व जांभळ्या वस्त्रांच्या छायेसाठीं वापरलेला काळा रंग निस्तेज दिसतो. त्यांनीं तो काळा धागा इतर ठिकाणच्या काळ्या धाग्यांशीं ताडून पाहिला. धाग्यांत उणें कांहींच नव्हतें. जें होतें तें शेजारांत! प्रत्येक रंग आपल्या शेजाऱ्यावर स्वतःच्या विरोधी रंगाची झांक टाकतो: तांबडा हिरव्याची, पिवळा जांभळ्याची, निळा नारिंगीची. निळ्याला लागून बसलेल्या काळ्यावर ती नारिंगी झांक पडे आणि त्याची खोली हरपे. हा सिद्धान्त शेव्हरल यांनीं १८३९ सालीं ग्रंथरूपानें मांडला.

प्रचीति पाहणें कठीण नाहीं. एकाच करड्या कागदाचे दोन तुकडे कापावे. एक काळ्या पुठ्ठ्यावर ठेवावा, दुसरा पांढऱ्यावर. पहिला उजळ दिसेल, दुसरा काळवंडलेला. आमच्या घरांतील स्त्रियांना हें शास्त्र न वाचतांच अवगत आहे. साडीवर लावावयाचा काठ माझी पत्नी एकटा असा कधींच पाहत नाहीं. तो साडीच्या अंगावर धरून मगच काय तें ठरविते.

मग हा विवेक माणसांच्या बाबतींत कोठें जातो? कांहीं वर्षांपूर्वीं माझ्या भाचीला पाहावयास एक सुशिक्षित मंडळी आली होती. शेजारीं माझी कन्या बसली होती. ती वर्णानें उजळ. चार दिवसांनीं निरोप आला, “मुलगी सर्व बाबतींत चांगली, रंग तेवढा जरा उणा.” उणा! तो कोणापेक्षां? माझ्या कन्येला आंत बसविलें असतें, तर कदाचित् निकाल फिरलाही असता. पण तसा फिरलेला निकाल कोणाला हवा होता? सावळा हा एक रंग आहे, ती रंगाची उणीव नव्हे. विणकरांच्या तक्रारीला निदान तपासणारा शेव्हरल तरी भेटला. मुलींच्या नशिबीं तोही नसतो.

भाचीनें तो निरोप हंसण्यावारी नेला. माझ्या बहिणीला मात्र तें साधलें नाहीं. हळदीसारखी पिवळी साडी त्या मुलीला फार शोभे. तिच्या सावळेपणाला त्या रंगानें एक निराळेंच तेज चढत असे. बहिणीनें ती साडी घडी करून ट्रंकेच्या तळाशीं ठेवली, ती आजतागायत तेथेंच आहे.