कडी सैल, विमान फेल!
पुण्यात आयटीची नोकरी आणि वीकेंडला रिमोटची विमानं, असा आपला फंडा! दिवाळीत हुपरीच्या माळावर उडवलं, तर नाक वर-खाली करत थेट उसात. शेपटीवरच्या एलिव्हेटरला हलवणारी तार हॉर्नच्या भोकात सैल होती.

आप्पांचा जन्म चांदीचे पैंजण घडवण्यात गेला. त्यांनी हलवून बघितलं. "कडी ढिली हाय रं."

मग दोघं बसलो. तारेच्या मापाचं भोक. सर्व्हो मध्यावर असताना त्याचा दांडा तारेशी काटकोनात. हॉर्नचं बाहेरचं भोक, म्हणजे हालचाल कमी, ताबा जास्त. स्टिक मागे ओढली, एलिव्हेटर वर. ओके!

धंदा सोडल्यापासून आप्पा कामापुरतंच बोलायचे. त्या दिवशी म्हणाले, "हात आमचाच हाय की तुझा!"