निर्माती होण्याआधी

प्रिय माधवी,

तुझं पत्र वाचून आनंद झाला आणि पाठोपाठ काळजीही वाटली. नाटकाची संहिता उत्तम आहे, दिग्दर्शक भरवशाचा आहे, सगळं मान्य. पण ‘मी फक्त पैसे घालायचे, बाकी मॅनेजर बघेल’ हे वाक्य तू लिहावंस? पैसे कुणीही घालील. शुभारंभानंतर पुढचा प्रयोग जो लावतो, तो निर्माता. नेपथ्य, वेशभूषा, तालमी यांचा खर्च मुख्यतः सुरुवातीचा. थिएटरचं भाडं, कलाकारांची नाइट म्हणजे प्रयोगाचं मानधन, बॅकस्टेजची मजुरी, जाहिरात, नेपथ्याचा टेम्पो हे मात्र प्रत्येक प्रयोगाला नव्यानं द्यावं लागतं, आणि बुकिंग अर्ध्यावर अडकलं म्हणून यातलं काही अर्धं होत नाही.

नाटक चांगलं असलं की चालतंच, असं तू म्हणशील. मग ‘घाशीराम कोतवाल’ आठव. डिसेंबर 1972 मध्ये पुण्याच्या पीडीए या नाट्यसंस्थेनं ते आणलं आणि वादामुळे 19 प्रयोगांनंतर थांबवलं. पुढे थिएटर अकॅडमी उभी राहिली, तिनं प्रयोग पुन्हा सुरू केले आणि 1980 मध्ये तेच नाटक युरोपात गेलं. तेंडुलकरांची संहिता तीच, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन तेच. फरक पडला तो पाठीशी उभं राहणाऱ्यांमुळे. 1972च्याच ‘सखाराम बाइंडर’साठी कमलाकर सारंगांना उच्च न्यायालयात झगडावं लागलं. बरं, वाद नसला आणि गर्दी असली म्हणजे निभावतं, असंही नाही. बालगंधर्वांपेक्षा लोकप्रिय नट कोण होता? तरी वैभवावरच्या खर्चाला आवर नसल्यानं त्यांची कंपनी कर्जात बुडालीच. मराठी रंगभूमी नाटककारांनी आणि नटांनी घडवली हे खरं, पण तिचं आयुष्य ठरवलं ते हिशेब आणि धीर दोन्ही सांभाळणाऱ्यांनी. त्यांची नावं आपण फार लवकर विसरतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मग कुणी निर्माता व्हायचंच नाही का? व्हायचं, तूही हो. मात्र शुभारंभावर सगळी पुंजी उधळू नकोस. रिकाम्या खुर्च्यांसमोरच्या प्रयोगांची तरतूद आधी बाजूला काढ. कलाकारांच्या तारखा लेखी घे, कारण उद्या त्यांना मालिका मिळाली तर तू त्यांना अडवू शकणार नाहीस. खातेवही स्वतः लिही. आणि घर तारण ठेवायचा विचार तर डोक्यातून काढूनच टाक. अण्णांच्या औषधपाण्याचं कसं करणार आहेस, हे तू पत्रात कुठंच लिहिलेलं नाहीस. होकार कळवण्याआधी तेवढं मला कळव.

तुझी,
सुमाताई