बंबावरचा चौथा माणूस

न्यू जर्सीत सरकारी नोकरांना संप करता येत नाही. आग लागलेली आणि बंबवाले फाटकाबाहेर घोषणा देत उभे, हे कुणालाच परवडणारं नाही, त्यामुळे निदान फायरमनच्या बाबतीत तरी या बंदीवर फारसा वाद होत नाही. पण जुना करार संपला आणि नव्याची बोलणी फिसकटली तर करायचं काय? राज्याने १९७७ साली पोलीस आणि फायरमन यांच्यापुरतं त्याचं उत्तर कायद्यात लिहून ठेवलं. दोन्ही बाजूंनी तिऱ्हाईत लवादापुढे जायचं, आणि तो जो पगार ठरवेल तो शहराने द्यायचा, युनियनने घ्यायचा. मी अशाच एका शहराच्या अर्थविभागात काम करते. शहराचं नाव सांगत नाही, कारण निवृत्तीपर्यंत मला तिथेच राहायचं आहे.

२०१६ मध्ये आमच्या फायरमनचा करार लवादाकडे गेला आणि माझ्याकडे स्कॅटरग्राम करण्याचं काम आलं. नाव भारदस्त असलं तरी हा एक तक्ताच. वेतनश्रेणीच्या कुठल्या पायरीवर किती माणसं, कुणाला किती ज्येष्ठता भत्ता, कोण कधी वरच्या पायरीवर जाणार, हे सगळं त्यात येतं. नावं काढून टाकायची आणि क्रमांक ठेवायचे. आमचं शहर फार मोठं नाही. पायरी आणि भरतीचं वर्ष पाहिलं की क्रमांकामागचा माणूस मला बहुतेक वेळा ओळखू येई. विम्याचे कागद घेऊन तो कधी ना कधी माझ्या खिडकीशी आलेला असे.

हा तक्ता एवढा महत्त्वाचा का, ते दोन टक्क्यांमुळे. २०१० साली ख्रिस क्रिस्टी गव्हर्नर झाले आणि त्याच वर्षी शहरांच्या मालमत्ता करातल्या वाढीवर दोन टक्क्यांची मर्यादा आली. पाठोपाठ लवादाच्या हातालाही तसंच कुंपण पडलं : मूळ पगारावरचा एकूण खर्च वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वाढेल असा निवाडा द्यायचा नाही. बाहेरच्यांना वाटे, म्हणजे प्रत्येकाला दोन टक्के वाढ. तसं नव्हतं. पायरी चढल्यामुळे मिळणारी वाढ आणि ज्येष्ठता भत्ता हे दोन्ही त्याच दोन टक्क्यांत धरायचे. आकडे सोपे करून सांगते. समजा सगळ्या दलाचा मूळ पगार एक कोटी डॉलर आहे. वर्षाला वाढीसाठी दोन लाख मिळतात. त्यातले दीड लाख खालच्या पायऱ्यांवरची तरुण मुलं वर चढतात त्यातच खर्च होतात. उरले पन्नास हजार, म्हणजे अर्धा टक्का. वरच्या पायरीवर पोचलेल्या, वीस वर्षं धूर खाल्लेल्या माणसाच्या वाट्याला तो अर्धा टक्का.

आणखी एक मेख होती. वरच्या पायरीवरचा माणूस निवृत्त होतो, त्याच्या जागी निम्म्या-पाऊण पगारावर नवा येतो, शहराचे पैसे वाचतात. पण ही बचत हिशेबात धरायची नाही, असं ट्रेंटनच्या पब्लिक एम्प्लॉयमेंट रिलेशन्स कमिशनने, म्हणजे ज्याला सगळे ‘पर्क’ म्हणतात त्याने, ठरवून दिलं होतं. करार संपताना जी माणसं जिथे होती ती पुढची सगळी वर्षं तिथेच नोकरीत राहणार, असं मानून गणित मांडायचं. प्रत्यक्षात तीन जणांचे निवृत्तीचे अर्ज माझ्याच टेबलावर पडलेले होते. तक्त्यात ते तिघेही इमानेइतबारे कामावर येत होते. नियम म्हणून मला त्याचं कारण समजतं. भविष्यातल्या अंदाजावर निवाडा उभा करायचा नाही, हे ठीकच. पण त्या नियमाचा फायदा शहरालाच होतो, हेही मला समजत होतं, आणि युनियनच्या वकिलाला तर माझ्याहून जास्त.

सुनावणीची जागा म्हणजे न्यायालय नसतं. लांब टेबल, कागदी कप आणि रिंगबाइंडरचे ढीग. लवादाची निवड पर्ककडे असलेल्या यादीतून चिठ्ठी काढल्यासारखी होते. दोन्ही बाजूंनी आपल्याला सोयीचा माणूस शोधायचा, ही जुनी पद्धत बंद झाली आहे. त्याच्या मानधनालाही मर्यादा आहे : दिवसाला एक हजार डॉलर, आणि २०१४ च्या दुरुस्तीनंतर एका प्रकरणाला जास्तीत जास्त दहा हजार. नेमणुकीपासून नव्वद दिवसांत निवाडा द्यायचा. आमच्याकडे आलेले गृहस्थ सत्तरीचे, बोलायला मऊ आणि कानाने तिखट. पहिल्या बैठकीत त्यांनी मध्यस्थी करून पाहिली. युनियन एका खोलीत, आम्ही दुसऱ्या, आणि हे मधल्या बोळातून ये-जा करताहेत. दुपारपर्यंत दोन्ही बाजूंनी एकेक पाऊल टाकलं, पण ते मागे. मग लघुलेखिकेने यंत्र मांडलं आणि रीतसर सुनावणी सुरू झाली.

आमच्या जुन्या खजिनदारांना १९९५ च्या आधीचा लवाद आठवत होता. तेव्हा आर्थिक मागण्यांच्या बाबतीत लवादाला दोन प्रस्तावांपैकी एक संपूर्णच उचलावा लागे, मधलं काही नाही. त्यांच्या मते ते बरं होतं : जास्त मागितलं तर सगळंच जाईल, या धास्तीने दोघंही शहाण्यासारखं मागत. आता लवादाला मधला रस्ता काढता येतो, म्हणून प्रत्येक जण टोकाला जाऊन उभा राहतो, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटत नाही. टोकाला उभं राहायला माणसाला कायदा लागत नाही.

खरी मजा शेजाऱ्यांवरून. निवाडा देताना लवादाला कायद्यातले नऊ निकष तपासावे लागतात. लोकहित, महागाई, शहराची ऐपत, करदात्यांवरचा भार वगैरे. त्यात एक निकष तुलनेचा : इतर ठिकाणी अशाच कामाला काय पगार मिळतो? लग्नाच्या आमंत्रणांच्या यादीत जशी सोयीची नाती आठवतात, तशी इथे सोयीची गावं आठवतात. युनियनच्या बाइंडरमध्ये नुअर्क, जर्सी सिटी, एलिझाबेथ. आमच्या बाइंडरमध्ये लोकसंख्येने आमच्याएवढी, पण आमच्याहून गरीब शहरं. खासगी क्षेत्राशीही तुलना करावी, असं कायदा म्हणतो. खासगी क्षेत्रात फायरमन कुठून आणायचा? त्यामुळे पर्क दरवर्षी प्रसिद्ध करतं ते खासगी पगारांच्या सरासरीचं पत्रक दोन्ही बाजू जोडतात आणि कुणीच त्यावर वेळ घालवत नाही.

तुलनेच्या तक्त्यावर माझी उलटतपासणी झाली. युनियनचा वकील सभ्य होता. त्याने विचारलं, या शहरांची निवड कुणी केली? मी म्हटलं, आमच्या विभागाने. कोणत्या निकषावर? लोकसंख्या आणि दरडोई कर. मग त्याने शांतपणे विचारलं, यातल्या किती शहरांत सात मजल्यांपेक्षा उंच इमारती आहेत? ते माझ्या तक्त्यात नव्हतं. तेवढं बोलून तो बसला. पाठीमागे सुटीवरचे फायरमन गडद निळ्या टीशर्टात ओळीने बसले होते. त्यांच्यातलं कुणी हसलं नाही, यानेच मला जास्त अवघडल्यासारखं झालं.

त्या रात्री डोंबिवलीला फोन केला. माझे आप्पा मुंबईच्या कापडगिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाख कामगार दत्ता सामंतांच्या मागे बाहेर पडले, त्यातले ते एक. तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही, नुसता विरून गेला, आणि आप्पा पुढे एका सोसायटीत वॉचमन झाले. मी काय करतेय ते त्यांना सांगितलं. ते म्हणाले, “म्हणजे तू आता मालकाच्या बाजूला.” रागाने नाही, माहिती पडताळून घ्यावी तसं. मग त्यांनी विचारलं, “ह्या लोकांच्या युनियनला मान्यता कुणी दिली?” मी म्हटलं, त्यांनीच बहुमताने निवडली, शहराला तिच्याशीच बोलावं लागतं. फोनवर जरा वेळ काही नाही. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याखाली त्यांच्या वतीने बोलायचा हक्क राष्ट्रीय मिल मजदूर संघालाच होता. गिरणीत कुणाचं त्या संघाशी जमो न जमो. तो कायदा रद्द करा, ही बोनस-पगाराइतकीच मोठी मागणी होती. “मग अगं, अर्धी लढाई त्यांनी आधीच जिंकलीय,” आप्पा म्हणाले. “बाकी अर्ध्या टक्क्याला काय घेऊन बसलात?”

बाकीचं काय ते दुसऱ्या सुनावणीला कळलं. युनियनने साक्षीला एक कॅप्टन आणला. त्याआधी पगाराच्या पावत्या झाल्या होत्या. २०११ च्या कायद्याने आरोग्य विम्याच्या हप्त्यातला कर्मचाऱ्याचा वाटा चार वर्षांत टप्प्याटप्प्याने वाढत गेला, वरच्या पगारांना तो पस्तीस टक्क्यांपर्यंत जातो, आणि पेन्शनची कपात साडेआठवरून दहा टक्के झाली. पगारवाढ मिळूनही हातात येणारा आकडा चार वर्षांपूर्वीपेक्षा कमी, हे पावत्यांवर स्वच्छ दिसत होतं. त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. हे शहराने नाही, राज्याने केलं, एवढंच.

कॅप्टन मात्र पगारावर बोलायला आलाच नव्हता. तो म्हणाला, माझ्या बंबावर चार माणसं हवीत, तीन असतात. राष्ट्रीय अग्निसुरक्षा संघटनेचं १७१० क्रमांकाचं मानकही चारच सांगतं. पण त्याचा मुद्दा मानकाचा नव्हता, गणिताचा होता. धुराने भरलेल्या घरात शिरायचं तर दोघांनी जोडीने शिरायचं आणि दोघांनी बाहेर तयार उभं राहायचं, असा सुरक्षेचा नियम आहे. आत कुणी अडकल्याचं नक्की माहीत असेल तरच त्याला सूट. “आम्ही तिघं पोचतो. आत कुणी आहे की नाही ते माहीत नसतं. शेजारीण म्हणते, बहुतेक कामावर गेलेत. आता मी दुसऱ्या बंबाची वाट बघू, की शेजारणीचं ‘बहुतेक’ धरून आत जाऊ?”

आमचे वकील उठले. हरकत. बंबावर किती माणसं ठेवायची हा न्यू जर्सीत व्यवस्थापनाचा अधिकार मानला जातो. त्यावर वाटाघाटी होत नाहीत, म्हणून लवादही होत नाही. कायद्याने त्यांचं बरोबर होतं आणि युनियनच्या वकिलालाही ते ठाऊक होतं. लवाद म्हणाले, पार्श्वभूमी म्हणून ऐकतो, निवाड्यात धरणार नाही. कॅप्टन आणखी थोडा वेळ बोलला. लघुलेखिकेने ते सगळं टिपून घेतलं.

मला तोवर वाटत होतं की भांडण पैशाचं आहे आणि सुरक्षेचं नाव नुसतं पुढे केलंय. आमच्या कचेरीत सगळ्यांनाच तसं वाटतं. त्या दिवशी पाठीमागच्या रांगेकडे पाहिलं. माझ्या टक्क्यांच्या तक्त्यांच्या वेळी मोबाइलमध्ये डोकं घातलेली माणसं ताठ बसली होती. ज्या गोष्टीसाठी ते सुटीचा दिवस घालवून आले होते, ती गोष्ट या खोलीत मागताच येत नव्हती. पैसा मागता येत होता, म्हणून ते पैसा मागत होते. आणि आम्ही म्हणत होतो, बघा, यांना फक्त पैसा हवा.

चोवीस तास काम, मग बहात्तर तास सुटी, हे त्यांचं वेळापत्रक बदलावं अशी आमची एक मागणी होती. ती नंतर मागे घेण्यात आली. ती मुळात मागे घेण्यासाठीच ठेवलेली होती. अशा मागण्या दोन्हीकडे असतात. त्यांच्या यादीत गणवेश भत्ता दुपटीने वाढवावा असं होतं.

निवाडा मुदतीच्या आत आला. जाडजूड बाड : निम्म्याहून जास्त पानं दोन्ही बाजूंचं म्हणणं जसंच्या तसं मांडण्यात गेलेली, मग नऊ निकष ओळीने, मग शेवटी दोन पानांत मुद्द्याचं. वाढ आमच्या प्रस्तावाहून जास्त, त्यांच्या मागणीहून बरीच कमी आणि दोन टक्क्यांच्या कुंपणाला अगदी चिकटून. नव्या भरतीसाठी वेतनश्रेणीत आणखी पायऱ्या, म्हणजे पुढच्या मुलाला वर पोचायला जास्त वर्षं. ज्यांचं नुकसान झालं ती मुलं त्या खोलीत नव्हती, त्यांची अजून भरतीच व्हायची होती. माझ्या मते निवाड्यातला सगळ्यात महाग भाग तोच होता, पण त्यावर कुणीच रागावलं नाही. अपिलाला चौदा दिवस असतात. दोन्ही बाजूंनी अपील न करता ते जाऊ दिले.

मग थकबाकीचं काम. करार संपल्या तारखेपासूनचा फरक प्रत्येक माणसाचा वेगळा काढायचा, जादा कामाच्या तासांसकट. तक्त्यात कामावर येणारे ते तिघं निवृत्त आता पुन्हा खरेखुरे निवृत्त झाले आणि त्यांचे धनादेश पोस्टाने गेले. कॅप्टनची रक्कम मीच काढली. दर पंधरवड्याला कापून गेल्यावर तो फरक म्हणजे त्याच्या विम्याच्या वाढलेल्या हप्त्याचाही पुरता भाग नव्हता.

दोन टक्क्यांचं कुंपण २०१७ च्या डिसेंबरअखेर उठलं. राज्याने त्याची मुदत पुन्हा वाढवली नाही. नंतरच्या वाटाघाटींत युनियनचा आवाज चढला, आमच्या वकिलांचा उतरला, आणि करार लवादापर्यंत गेलाच नाही.

चौथ्या माणसाचं मात्र रोज सकाळी ठरतं. पाळी बदलायच्या आधी कोण आजारी, कोण रजेवर, याची मोजणी होते. माणसं कमी पडली तर जादा कामाचे पैसे देऊन कुणाला बोलवायचं, की एक बंब दिवसभर बंद ठेवून त्याची माणसं बाकीच्यांवर वाटायची, हे उपप्रमुख फोनवर ठरवतात. बंद ठेवण्याला इथे ब्राउनआउट म्हणतात. महिन्याच्या शेवटी त्या बचतीचा आकडा माझ्याकडे येतो आणि मी तो जादा कामाच्या रकान्यात वजा करून लिहिते. त्याला सुनावणी लागत नाही.