संतांचें वय

अल्पवयांत जगाचा निरोप घेणाऱ्या संतांवर चित्रकारांनीं उपकार केले आहेत, तसा अन्यायहि केला आहे. त्यांनीं या संतांना म्हातारें होऊं दिलें नाहीं, हा उपकार. पण तरुणहि राहूं दिलें नाहीं, हा अन्याय.

इटलींतील लुईजी गोंझागा या संताचें उदाहरण घ्या. १५६८ सालीं कास्तिल्योने येथील सरदार घराण्यांत तो जन्मला. ज्येष्ठ पुत्र असूनहि १५८५ सालीं त्यानें वारसा धाकट्या भावाला दिला व जेझुइट पंथाची वाट धरली. १५९१ सालीं रोममध्यें सांथ पसरली असतां रोग्यांची शुश्रूषा करतांना त्यालाहि रोग जडला, आणि तेविसाव्या वर्षीं तो गेला. त्याच्या चित्रांत आपल्याला काय दिसतें? फिकट मुद्रा, काळा झगा, त्यावर शुभ्र वस्त्र, लिलीचें फूल आणि क्रूस. ग्वेर्चीनोच्या १६५० च्या सुमाराच्या चित्रांत त्यानें त्यागलेला मुकुट खालीं ठेवलेला आहे. रोममधील संत इग्नाशियसच्या चर्चमध्यें लग्रो या शिल्पकारानें त्याला संगमरवरांत देवदूतांच्या मेळ्यांत स्वर्गीं पोचविलें आहे. ज्या रोग्यांपायीं त्यानें प्राण वेंचले, त्यांतला एकहि या दोन कृतींत नाहीं.

धाराशिव जिल्ह्यांत बसून इटलीची उठाठेव कशाला, असें कोणी विचारील. पण आमच्या तेरचा आणि इटलीचा संबंध नवा नाहीं. तगर या नांवानें हें गांव रोमन व्यापाऱ्यांना ठाऊक होतें. येथें सांपडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीसारखीच एक मूर्ति १९३८ सालीं पाँपेईच्या अवशेषांत निघाली. तथापि आज लोक तेरला जातात ते गोरोबाकाकांच्या दर्शनाला; आणि गोरोबाकाकांची जी कथा सर्वांच्या तोंडीं आहे, तिची खरी नायिका एक अल्पवयीन मुलगी आहे.

संतांचा मेळा काकांच्या घरीं जमला असतां मुक्ताबाईंनीं कोपऱ्यांतलें थापटणें पाहून हें काय, असें विचारलें. मडकें कच्चें कीं पक्कें हें यानें कळतें, असें काकांनीं सांगितलें. मग आम्हीहि मडकींच, तेव्हां आमचीहि पारख करा, असा तिनें हट्ट धरला. थापटणें एकेकाच्या डोक्यावर बसूं लागलें. नामदेव रागावले आणि कच्चे ठरले. परंपरा मुक्ताबाईंचा जन्म १२७९ चा मानते व ज्ञानेश्वरांची समाधि १२९६ ची. ज्ञानेश्वर त्या मेळ्यांत होतेच, तेव्हां हिचें वय सतराच्या पुढें गेलेलें नसणार. पण बाजारांतील छापील तसबिरींत ही तिखट मुलगी कोठेंहि सांपडत नाहीं. तेथें ती हात जोडून, डोळे मिटून भावांच्या शेजारीं उभी असते.

ज्ञानेश्वरांचेंहि तेंच. त्यांच्या काळचें एकहि चित्र उपलब्ध नाहीं. आज आपल्या मनांत जो चेहरा आहे, त्याला आकार देण्यांत १९४० सालच्या ‘प्रभात’च्या बोलपटाचा मोठा वाटा आहे. त्यांत ती भूमिका करणारे शाहू मोडक हे अहमदनगरच्या ख्रिस्ती कुटुंबांतील बाविशीचे तरुण होते, ही गोष्ट महाराष्ट्राला भूषणावहच म्हणावी. पण पुढें छापखान्यांनीं त्या चेहऱ्यावरची उरलीसुरली बाविशीहि पुसून काढली. आम्ही वर्गांत कधीं कधीं विचारतों, ‘ज्ञानेश्वरी’ लिहिली तेव्हां ज्ञानेश्वरांचें वय काय होतें? कोणी चाळीस सांगतो, कोणी पन्नास. ग्रंथ १२९० चा, म्हणजे अवघें पंधरावें वर्ष, असें सांगितलें कीं वर्ग स्तब्ध होतो. ‘संन्याशाचीं पोरें’ म्हणून ज्यांना गांवानें वाळींत टाकलें, ज्यांचे आईबाप प्रायश्चित्तांत गेले, तीं हीं भावंडें आपल्याच वयाचीं होतीं, हें त्या मुलांना कोणत्याहि चित्रानें सांगितलेलें नसतें.

या गोष्टीचें आम्हांस इतकें कां वाटावें, त्याला घरगुती कारण आहे. आमचा धाकटा भाऊ बाविसाव्या वर्षीं विषमज्वरानें गेला. स्नेहसंमेलनाच्या समूहचित्रांतून एका छायाचित्रकारानें त्याची मोठी तसबीर करून दिली. चिंचेवरून पडून कपाळावर राहिलेला व्रण त्यानें पुसला, पुढें आलेला दांत झांकला, आणि डोळ्यांत कोठून कोण जाणे एक करुण शांति आणून ठेवली. मातोश्रींनीं तसबीर पाहिली आणि म्हणाल्या, “हा तर देव दिसतोय रे. माझं पोर कुठंय?” ती तसबीर भिंतीवर लागली, तिला हार चढला. पुढें घरांतलीं मुलें विचारूं लागलीं, “काका फार शांत होते का हो?” जो सकाळच्या चहापासून रात्रीच्या अंथरुणापर्यंत प्रत्येकाशीं वाद घालीत असे, त्याच्याविषयीं हा प्रश्न! मुलांना त्याचा आदर वाटे. त्याच्याशीं भांडावेंसें, त्याच्यासारखें व्हावेंसें मात्र कोणालाच वाटलें नाहीं. त्याला आम्ही दुसऱ्यांदा गमावलें तें असें.

चित्रकारांची अडचण आम्ही जाणतों. भाविकाला पुढ्यांत हात जोडण्यासारखें कांहीं हवें असतें, आणि शांत मुद्रेपुढें हात लवकर जुळतात. पण हात जोडले कीं अंतरहि पडतें. पंधरा वर्षांच्या मुलाला ज्ञानेश्वर आजोबांसारखे वाटूं लागले, तर त्यानें त्यांच्याकडून काय घ्यावें? यासाठीं आमच्या जिल्ह्यांतील एखाद्या होतकरू चित्रकाराला आमची विनंति आहे कीं, त्यानें एकदां तेरचा तो मेळा काढावा. काकांच्या हातीं थापटणें असावें, नामदेवांच्या कपाळीं आठी असावी, आणि मुक्ताबाईंचे डोळे उघडे असावेत. तें चित्र आम्ही आनंदानें विकत घेऊं, आणि मुलांच्या अभ्यासाच्या खोलींत लावूं.