कारखान्यात की कारखान्यावर?

भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात 2 फेब्रुवारी 1955 रोजी करार झाला आणि 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलईची पहिली झोतभट्टी सुरू झाली. पोलादाच्या या व्यवहारातून रशियन भाषाही छत्तीसगडच्या मातीत आली. इथले अभियंते तिकडे प्रशिक्षणाला गेले, तिकडचे तज्ज्ञ इथे राहिले. लोखंडाचा हिशेब लागला. पण 'व' आणि 'ना' या दोन एकाक्षरी शब्दांनी शिकणाऱ्यांना फार छळले असणार.

'व' म्हणजे आत, 'ना' म्हणजे वर, असे पाठ्यपुस्तक सांगते आणि तिथेच फसवते. रशियन माणूस कारखान्याच्या छपरावर चढत नाही. तरी तो काम करतो 'ना ज़ावोद्ये', म्हणजे कारखान्यावर. त्याच कारखान्याच्या एका विभागात मात्र तो 'व त्सेख्ये' असतो. 'व शाख्त्ये' म्हटले की तो भूगर्भात उतरलेला. 'ना शाख्त्ये' म्हटले की खाण ही त्याची नोकरी. एक शब्द जागेची पोकळी दाखवतो, दुसरा तिथे चालणारे काम.

इंग्रजीच्या वाटेने रशियनकडे जाणाऱ्याला हे मनमानी वाटते. मराठी माणसाला तसे वाटण्याचे कारण नाही. आपला ऊस साखर कारखान्यावर जातो, माणूस कामावर जातो, कोणी खाणीवर कामाला असतो आणि खाणीत उतरतो. परतीच्या वाटेवर तर हे साम्य थक्क करणारे आहे. रशियनमध्ये जो 'व' ने गेला तो 'इज़' ने परततो, आणि 'ना' ने गेलेला 'स' ने. आपणही खाणीतून वर येतो आणि कामावरून घरी येतो. 'त' ला 'तून', 'वर' ला 'वरून'. हिंदीचा 'से' आणि इंग्रजीचा 'फ्रॉम' हा भेद बहुधा गिळून टाकतात. (ही अव्यये रशियनमध्ये नामाच्या आधी येतात, आपल्याकडे मागून चिकटतात, पण तो केवळ बसण्याच्या जागेचा प्रश्न.)

अर्थात मराठीवर विसंबून सगळे साधत नाही. टपालकचेरी आणि स्वयंपाकघर यांनाही रशियन 'ना' लावते. तिथे पाठांतराला पर्याय नाही. आणि कधी या निवडीत व्याकरणापेक्षा बरेच अधिक गुंतलेले असते. देशांच्या नावांना सामान्यतः 'व' लागतो. युक्रेनला मात्र परंपरेने 'ना' लावत, जणू तो एखादा प्रांत. स्वतंत्र झालेल्या युक्रेनने 1993 मध्ये 'व' चा आग्रह धरला. तेव्हापासून बोलणारा कोणते अव्यय वापरतो, यावरून त्याची राजकीय बाजूही जोखली जाते.

माझ्या मनाला मात्र अधिक लागतो तो एक घरगुती भेद. रशियनमध्ये 'दोमा' म्हणजे घरी आणि 'व दोम्ये' म्हणजे घरात. पहिल्यात आसरा आहे, दुसऱ्यात चार भिंती. मराठीने हा भेद 'घरी' या जुन्या सप्तमीत जपला. भिलईसारख्या हिंदीभाषक नगरात वाढलेल्या मराठी मुलांच्या बोलण्यात तो पुसट होताना ऐकू येतो. 'घर में हैं' च्या सावलीत वाढलेला नातू दूरध्वनीवर सहज सांगतो, ''आजोबा घरात आहेत.'' आजोबा त्या वेळी अंगणात खुर्ची टाकून बसलेले असतात.