जुन्या बाजारातला कंदील

मैत्रिणींनो, पुण्याला आलात आणि रविवार किंवा बुधवार मोकळा सापडला, तर मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात एक चक्कर टाकाच. पायांत जुन्या चपला घाला नि सुटे पैसे जवळ ठेवा. रस्त्याकडेला गोणपाटावर कुणाकुणाचा मोडलेला संसार मांडलेला असतो. किल्ली नसलेली कुलपं, कुलूप नसलेल्या किल्ल्या, अडकित्ते, पितळी डबे, बंद पडलेली घड्याळं! पाहता पाहता आपण मधेच थबकतो. अगंबाई, हे तर आमच्याकडे होतं!

माझं तसंच झालं. वाडा सोडून फ्लॅटमध्ये आलो तेव्हा माळ्यावरचं सगळं मी मोडीत घातलं. त्यात सासूबाईंचा कंदील होता. त्यांचं माहेर कराडजवळचं. त्याच कंदिलाच्या उजेडात त्यांनी मॅट्रिकचा अभ्यास केलेला. संध्याकाळी त्यांना कळलं, तेव्हा "दिलास का? बरं," एवढंच म्हणाल्या. रागावल्या असत्या तर परवडलं असतं!

तेव्हापासून या बाजारात माझे डोळे कंदिलच शोधत. परवाच्या रविवारी पंख्याच्या पात्यांखाली एक दिसला. टाकीवरची धूळ पुसली, तर अक्षरं लागली : प्रभाकर! कराडजवळच्या ओगलेवाडीच्या काचकारखान्याचा हा कंदील. स्वदेशी माल म्हणून एके काळी महाराष्ट्रात त्याचं केवढं नाव! तो कारखाना केव्हाच बंद पडला. विक्रेत्यानं किंमत सांगितली ती ऐकून मी चार पावलं मागे सरले; शेवटी निम्म्यावर ठरलं.

घेताना घाई करू नका बरं का. टाकी गंजून चाळण झालेली नाही ना, काचेला तडा नाही ना, वातीची चावी फिरते ना, एवढं पाहाच. नव्या पितळेला ॲसिड लावून 'शंभर वर्षांपूर्वीचं' म्हणून विकणारेही असतात. नजर तयार व्हावी म्हणून आधी राजा दिनकर केळकर संग्रहालयातले जुने दिवे डोळे भरून पाहून घ्या.

घरी आल्यावर वायरमनला बोलावलं. त्यानं टाकीला भोक पाडायला ड्रिल काढलं, तशा सासूबाई लगबगीनं बाहेर आल्या. "भोक नको हो पाडू. पुन्हा कधी तेल घालावंसं वाटलं तर?"

मग आम्ही निराळी युक्ती केली. टाकी गरम पाणी नि धुण्याच्या सोड्यानं दोनतीनदा धुऊन चार दिवस उन्हात वाळवली. रॉकेलचा वास पुरता जाईपर्यंत विजेचं काम करायचं नाही, हे लक्षात ठेवा. बर्नर काढून त्या जागी छोटं होल्डर बसवलं. वायर टाकीत सोडून तेल ओतायच्या तोंडातून बाहेर घेतली. तिथं रबरी कडं घातलं, म्हणजे पत्र्याच्या कडेनं वायर कापत नाही. कंदील पत्र्याचा, तेव्हा तीन तारांची वायर, तीन पिनांचा प्लग आणि अर्थिंग हवंच. हे काम जाणत्या माणसाकडूनच करून घ्या. बल्ब तीन वॅटचा, पिवळसर उजेडाचा एलईडी. तो फार तापत नाही, काचही काळी होत नाही. आणि हो, काढलेला बर्नर फडक्यात गुंडाळून जपून ठेवलाय.

संध्याकाळी सासूबाईंच्या पलंगाशी कंदील टांगला नि बटण दाबलं. त्या कितीतरी वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "हा माझा नव्हे गं. माझ्याची कडी वाकलेली होती." मी ओशाळले. तशा हसून म्हणाल्या, "असू दे. माहेरचाच आहे."

तेव्हा मैत्रिणींनो, बाजारात जरूर जा. पण त्याआधी स्वतःचा माळा पाहा. आणि काही मोडीत घालण्यापूर्वी घरातल्या वडीलधाऱ्यांना एकदा विचारा. आपल्याला अडगळ वाटते, त्यात कुणाचं तरी माहेर असतं.